कुलूप काढा, बाग नंतर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी कागदावर तीन औषधं लिहिली आणि खाली एक ओळ लिहिली : रोज 30 मिनिटं चालणे. औषधं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात मिळाली. चालणं कुठं मिळतं, ते विचारण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी बेळगावातल्या वडगावचा विणकर. वडिलांच्या काळात घरात हातमाग होता, माझ्या काळात यंत्रमाग आले. पुढच्या सोप्यात दोन माग, मागच्या दोन खोल्यांत संसार, वर पत्रा. बायको तीस वर्षं कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या) भरते, म्हणजे बसून. मी दोन मागांमधल्या हातभर जागेत उभा. दिवसभर उभा असणाऱ्या माणसाला वेगळं चालायची काय गरज, असं मलाही वाटायचं. मी तसं डॉक्टरांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, मामा." खरं आहे. माग चालतो, विणकर उभा राहतो.

बायकोनं सुरुवात गल्लीतूनच केली. पहाटे साडेपाचला, शेजारच्या कानडी अक्कांना सोबत घेऊन. त्यांचीही साखर वाढलेली. सकाळी साडेपाचची आमची गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो : दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्या, उघडी गटार, दुधाच्या गाड्या आणि प्रत्येक वळणावर आपापली हद्द सांभाळून बसलेली कुत्री. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी तर फिरायचा प्रश्नच नाही, घागरी आणि पाइप यांतून वाट काढणं हाच व्यायाम. तेराव्या की चौदाव्या दिवशी फरशीचा एक उचललेला कोपरा तिच्या पायाला लागला आणि ती हातावर पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत कांड्या मी भरल्या आणि एक माग बंद राहिला. साखर कमी करायला निघालेल्या बाईचा हात मोडून ती घरी बसली, आणि बसल्यामुळं साखर आणखी वाढली.

"गच्चीवर चाला" असा सल्ला एका पाहुण्यांनी दिला. पत्र्यावर कसं चालायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मग आम्ही व्हॅक्सिन डेपोला जायला लागलो. बेळगावकरांना ती जागा सांगायला नको. टिळकवाडीतली ती जुनी झाडं, पायाखाली माती, पहाटे पक्ष्यांचा असा कलकलाट की मागाच्या खटखटाटानं निम्मे बहिरे झालेले माझे कानही दचकले. पहिल्या दिवशी बायको एका झाडाखाली नुसती उभी राहिली. म्हटलं, चाल की. म्हणाली, "थांबा हो जरा, वास घेऊ द्या." पाऊस पडून गेला होता.

पण हिशेब ऐका. वडगावातून बस धरायची, गोवावेसला उतरायचं, तिथून पुढं पायी. 11 जून 2023 पासून बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही, त्यामुळं ती फुकट जाते. मी मात्र तिकीट काढतो (तिच्यासोबत जायचा कर समजतो). जाणं, बसची वाट बघणं, चालणं, परत येणं, सगळं मिळून दोन तास कुठं गेले कळत नाही. टिळकवाडीतला माणूस 30 मिनिटं चालायला 30 मिनिटं देतो. आम्ही 30 मिनिटं चालायला दोन तास देतो. आमची मजुरी साडीवर आहे, पगारावर नाही. दोन तास माग बंद म्हणजे तेवढं कापड कमी. तिसऱ्या आठवड्यात बायकोच म्हणाली, "अहो, फिरायला म्हणून निघतो आणि अर्धा दिवस जातो की. राहू दे." तेव्हापासून राहू दिलं आहे.

कुणी म्हणेल, बसनं कशाला, तिथवर चालतच जा, तोच व्यायाम. तेही करून पाहिलं. अडीच-तीन किलोमीटर, त्यात फूटपाथ असलेला रस्ता किती आणि त्या फूटपाथवर दुकान किंवा गाडी नसलेला भाग किती, हे ज्यांना मोजायचं असेल त्यांनी एकदा मोडलेल्या मनगटाच्या बाईचा दुसरा हात धरून मोजावं.

व्हॅक्सिन डेपोत फिरताना एक गोष्ट मनात येत राहिली. ही जागा देवीची लस करण्यासाठी होती. वासरांच्या अंगावर लस वाढवायची आणि ती गावोगाव पाठवायची, असं ते काम. ती लस वडगावच्या विणकराच्या पोरालाही मिळाली आणि कॅम्पातल्या साहेबाच्या पोरालाही. दोघांच्याही दंडावर तोच व्रण. माझ्या दंडावर तो अजून आहे. 1977 साली आपला देश देवीमुक्त जाहीर झाला, तो तशा घरोघरी पोचलेल्या लशीमुळं. आता देवी गेली, साखर आणि बीपी आले, आणि या रोगांवरची जी 'लस' आहे, ती झाडाखाली अर्धा तास चालण्याची, ती त्याच आवारात अडकून पडली आहे. ती मिळवायला बस धरून जावं लागतं.

आमच्या लहानपणी बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत. आता गार वारा शिल्लक आहे तो बराचसा कॅम्पात, किल्ल्याच्या बाजूला, रेसकोर्सकडं, टिळकवाडीच्या बंगल्यांच्या रस्त्यांवर. गरीब मात्र शहापूर, वडगाव, खासबाग, जुने बेळगाव या बाजूला. ऑगस्ट 2022 मध्ये शहरात बिबट्या शिरला होता, आठवतं ना? शाळा बंद, शोधायला हत्ती आणले, महिनाभर पेपरात तोच विषय. तो बिबट्यासुद्धा गोल्फ मैदानाच्या झाडीत जाऊन बसला. वडगावात कशाला येईल? लपायला झुडूप कुठं आहे इथं!

यात कुणी मुद्दाम आमच्यावर सूड उगवला असं मी म्हणत नाही. कॅम्प लष्करासाठी आखून वसवला गेला. टिळकवाडी आखून वसली, रस्ते रुंद ठेवले, झाडं लावली. वडगाव हे मुळात गाव होतं. घराला घर लागून, गल्लीत माग आणि मागं गोठा, अशी गावाची रचना. त्या रचनेत बाग नव्हती, कारण बागेची गरज नव्हती. गल्ली संपली की शिवार सुरू व्हायचं. माझे वडील संध्याकाळी माग थांबवून भाताच्या बांधावरून येळ्ळूरच्या दिशेनं चालत जात, राजहंसगडावर सूर्य टेकेपर्यंत. सुगीत बासमतीचा वास गल्लीपर्यंत यायचा. आम्ही पोरं मागून पळायचो. कुणीच त्याला 'मॉर्निंग वॉक' म्हटलं नाही, पण वडिलांना सत्तरीपर्यंत साखर नव्हती.

ते शिवार गेलं. काही प्लॉट पडून गेलं, काही रस्त्यांत गेलं. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, ते या पेपरच्या वाचकांना माहीत आहे. प्लॉटांचं मात्र कुणी भांडण केलं नाही, कारण त्यात आपलेच लोक होते. शेतकऱ्याला पैसे हवे होते, विणकराला घर हवं होतं. एनए न करता, म्हणजे शेतजमीन रीतसर बिगरशेती करून न घेता, उताऱ्यावर गुंठा-दीड गुंठा घ्यायचा, पत्रा टाकायचा, पुढच्या वर्षी भिंत. मीही भावाला असाच प्लॉट घेऊन दिला आहे, तेव्हा माझंही बोट त्यात आहे. रीतसर लेआऊट मंजूर करून घेताना बागेसाठी जागा सोडावी लागते. बेकायदा प्लॉटांत ती सोडायला कुणी सांगत नाही आणि कुणी सोडत नाही. म्हणजे ज्यांना रीतसर प्लॉट परवडत नाही त्यांना बागही मिळत नाही. स्वस्त प्लॉटची खरी किंमत वीस वर्षांनी दवाखान्यात चुकती होते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

आणि शिवार नुसतं फिरायला नव्हतं, ते पाणीही पीत होतं. ऑगस्ट 2019 च्या पावसात बळ्ळारी नाल्याचं पाणी विणकरांच्या वस्तीत शिरलं, तेव्हा माग पाण्यात उभे होते. आमच्या सोप्यात गुडघाभर पाणी. मोटार जळली, ताण्याचं सूत कुजलं. व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांसाठी शहरातल्या नागरिकांनी आवाज उठवला, चांगलं केलं. आमच्या शिवारासाठी शेतकऱ्यांखेरीज कोण उठणार? त्याला 'उद्यान' अशी पाटी नव्हती.

पाटीवरून आठवलं. सीमाभागात पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आपण एवढी वर्षं भांडलो. माझं मत तुम्हाला ठाऊक आहे, मी जुना वाचक आहे आणि ते बदललेलं नाही. पण भांडता भांडता पाटीच्या मागं बाग आहे की नाही, हे बघायचं राहून गेलं. माझी बायको आणि त्या अक्का रोज एका कुलपासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींच्या भाषेत एकच शिवी देतात.

आता त्या कुलपाविषयी, कारण पत्राचं खरं काम तेच आहे.

आमच्या घरापासून जवळच एक मोकळी जागा आहे. मोठी नाही. कुंपण आहे, गेट आहे, आत फरसबंदीची एक वाट गोल फिरते, कडेला लोखंडी व्यायामाची चार यंत्रं आहेत. कुणाच्या ताब्यात आहे ते मी इथं लिहीत नाही. ज्यांच्याकडं किल्ली आहे त्यांना कळेल. ती जागा सकाळी दहाला उघडते आणि सहाला बंद होते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ही वडगावात माग चालायची वेळ. त्या वेळात आत कोण असतं? कॉलेज चुकवलेली दोन-तीन जोडपी (त्यांनाही कुठंतरी जायचं असतं, माझी तक्रार नाही) आणि झोपलेली कुत्री. आम्ही मोकळे होतो तेव्हा गेटला कुलूप. पोरं कुंपणावरून उड्या मारून जातात. माझी बायको कशी मारणार? राखणदाराला विचारलं. साधा माणूस आहे. म्हणाला, "मामा, किल्ली माझ्याकडं नाही, साहेबांच्याकडं आहे. तुम्ही अर्ज द्या." अर्ज दिला. दोन वेळा दिला. दुसऱ्या वेळी पोच घेतली. ती माझ्या लाकडी पेटीत सुताच्या बिलांबरोबर आहे.

आमच्यातले तिघं-चौघं आता स्मशानभूमीत फिरायला जातात. तिथं झाडं आहेत, गेट उघडं असतं आणि कुणी हटकत नाही. एकजण म्हणाला, शेवटी तिकडंच जायचं आहे, वाट पायाखालची असलेली बरी. आम्ही हसलो. बायको हसली नाही.

माझी मुलगी नर्स आहे. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं मोबाइलवर वाचून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे डॉक्टरांची 30 मिनिटं पाच दिवस. हीच संघटना युरोपातल्या शहरांना असंही सांगते, की प्रत्येक घरापासून साधारण 300 मीटरच्या आत हिरवी मोकळी जागा हवी. मीटर मला लवकर कळत नाही, मी कापडाचा माणूस. नऊवारी साडी म्हणजे सव्वाआठ मीटर. तेव्हा 300 मीटर म्हणजे 36 नऊवारी एकापुढं एक अंथरल्या तेवढं अंतर. मी पावलांनी मोजून पाहिलं. आमच्या उंबऱ्यापासून त्या कुलपापर्यंत 40 नऊवारी भरतात. चार जास्त, ते सोडून देऊ. युरोपच्या मापानंसुद्धा वडगावच्या या गल्लीला बाग आहे म्हणायची! नकाशात हिरवा ठिपका असेलच. कुलूप नकाशात दिसत नाही.

मुलीनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी एका संशोधकानं तपासल्या आणि 1984 मध्ये छापल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, ज्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोराची वेदनाशामकं कमी लागली. माझ्या मागासमोरच्या खिडकीतून शेजाऱ्याची विटांची भिंत दिसते. अनेक वर्षं दिसते. त्या भिंतीत एकूण किती विटा आहेत ते मी सांगू शकतो. दुसरी गोष्ट इंग्लंडची. तिथल्या सुमारे 4 कोटी लोकांची माहिती घेऊन 2008 मध्ये लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं, की गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्यूच्या प्रमाणातलं अंतर हिरव्या भागांत कमी असतं. मी मुलीला म्हटलं, इंग्लंडचं वडगावला कसं लागू होईल? तिथला गरीब आणि इथला गरीब वेगळा. झाड लावलं म्हणून सुताचा भाव उतरणार नाही आणि साडीची मजुरी वाढणार नाही. ती म्हणाली, "नाही वाढणार, बाबा. पण आईची साखर उतरेल." यावर मला उत्तर सुचलं नाही.

2023 मध्ये छापून आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीप्रमाणं देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. या सगळ्यांना डॉक्टर तीच ओळ लिहून देत असणार.

कायदा नाही म्हणावं, तर तेही नाही. कर्नाटकात उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपण्यासाठीचा कायदा 1985 पासून आहे. आणि एक खटला मला फार आवडतो. बेंगळूरच्या राजमहाल विलास भागात बागेसाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयाला द्यायचं ठरलं. म्हणजे बागेच्या जागी दवाखाना! वरवर बघता लोकांच्या भल्याचंच काम. पण तिथले रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. शहरीकरणाच्या वाईट परिणामांपासून रहिवाशांचं रक्षण करायलाच अशा जागा राखलेल्या असतात, असं न्यायालयानं मानलं. राजमहाल विलासमध्ये वकील परवडणारे लोक होते, हे खरं. आमच्याकडं वकिलाऐवजी पोच आहे.

आम्हाला कारंजं नको, सेल्फी पॉइंट नको, ज्यावर 'चालू नये' अशी पाटी लावावी लागते ती विकतची हिरवळही नको. ते गेट पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते रात्री नऊ उघडं राहावं. वाटेवर दोन दिवे लागावेत, म्हणजे बायका अंधारात जाऊ शकतील. पाठ टेकता येईल असे दोन बाक हवेत, कारण साखर असलेल्या माणसाला मध्येच चक्कर येते आणि बिनपाठीच्या कट्ट्यावर बसवलेली म्हातारी मागं पडते (आमच्या गल्लीत पडली आहे). बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. त्याशिवाय अर्ध्या बायका पहाटे पाणी न पिता बाहेर पडतात, आणि ते साखरेला वाईट, असं मुलगी सांगते. झाडं आम्ही लावतो. करंज, बकुळ, जांभूळ, कडुनिंब, सावली देतील ती. शोभेचे ताड नकोत, त्यांच्या सावलीत मांजरसुद्धा बसत नाही. खड्डे आम्ही खणू, उन्हाळ्यात पाणी आम्ही घालू, घरटी एक घागर. राखणदाराला पहाटे उठायला लागू नये म्हणून किल्ली गल्लीतल्या पंचांकडं ठेवली तरी चालेल, लिहून देतो. आषाढात मंगाईच्या यात्रेला लाखाची गर्दी वडगावचे लोक सांभाळतात. एक कुलूप सांभाळणं जमेल.

आमच्यासारखी कुलपं खासबागेत, शहापुरात, अनगोळच्या नव्या वसाहतींतही असणार. वाचकांनी आपापल्या उंबऱ्यापासून पावलं मोजून, गेट किती वाजता उघडतं ते या सदराला कळवावं. संपादकांनी ती यादी छापली तर वाद घालायला काही राहणार नाही.

सध्या बायकोचा हात बरा आहे. पुन्हा पहाटे निघते. गल्लीतून सावकाश, फरशीकडं बघत, अक्कांचा हात धरून त्या गेटपर्यंत जाते, कुलूप हलवून बघते आणि परत येते. जाऊन-येऊन 10 मिनिटं होतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्यातली 20 मिनिटं गेटच्या आत आहेत.

आपला,
एक यंत्रमाग विणकर
वडगाव, बेळगाव